नवे ब्रेक पॅड टाकल्यावर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय, डिस्क खरंच बदलायला हवी का?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढचे पॅड घासले होते म्हणून गेल्या महिन्यात जळगावात बदलून घेतले. डिस्क जुनीच ठेवली, कारण मेकॅनिक म्हणाला की जाडी भरपूर आहे. त्यानंतर लगेच संभाजीनगरला जाणं झालं. परत येताना कन्नड घाटात गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे चाळीसगावपर्यंत थांबत थांबत, पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलो.

तेव्हापासून ८०-९० ला ब्रेक दाबला की स्टेअरिंग दोन्ही हातांत थरथरतं. ४० च्या खाली काहीच जाणवत नाही. ब्रेक न दाबता शंभरला गाडी लोण्यासारखी चालते. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "डिस्क बेंड झाल्यात, दोन्ही बदला, सोबत पॅडही नवे टाका." पॅड तर आत्ताच टाकलेत. दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन तोरणमाळला जायचंय, आईवडील सोबत असतील, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत चालढकल करायची नाही. पण उगीच खर्चही नको. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सातपुड्याखाली
भाऊ, आधी तीन गोष्टी सांगा. थरथर फक्त स्टेअरिंगला आहे की सीटखालीही येते? पेडल पायाला ठोके देतं का? आणि पॅड बदलल्यानंतर पंक्चर, बॅलन्सिंग अशा कुठल्या कामासाठी चाकं निघाली होती का?

नाना_भुसावळ
एवढा विचार कशाला करता? डिस्क काढा, लेथवर टर्निंग मारून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी वरचा पातळ थर कापून तोंड सपाट केलं (फेस मारला) की काम झालं. आमच्याकडे जीपगाड्या होत्या तेव्हापासून हेच करत आलोय. नवीन डिस्क घ्यायची गरज नाही.

गिरणाकाठ
सातपुड्याखाली, थरथर स्टेअरिंगलाच आहे. सीटला नाही. पेडलला हलके ठोके जाणवतात, लक्ष दिलं तर. हो, घाटातून आल्यावर एका चाकाचं पंक्चर काढलं होतं, उजवं पुढचं. त्याने हवेच्या गनने नट आवळले होते.

फिरता_लेथ
जळगाव एमआयडीसीत गेली अनेक वर्षं मशीनकाम करतो. डिस्क आणि ड्रम टर्निंगला येतात, त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहितो. वाचायला वेळ लागेल, पण ब्रेकचा विषय आहे, घाई नको.

"डिस्क बेंड झाली" हे गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं. प्रत्यक्षात बीडाची (कास्ट आयर्नची) डिस्क रस्त्यावरच्या वापरात वाकडी होणं फार क्वचित घडतं. माझ्याकडे "बेंड" म्हणून आलेल्या डिस्क मायक्रोमीटरने मोजल्या की बहुतेक वेळा वेगळीच गोष्ट दिसते. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसते. एका जागी थोडी जाड, दुसऱ्या जागी थोडी पातळ. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबातला असतो. ०.०२ मिमीच्या आसपासचा फरकही हाताला जाणवू शकतो. जाड भाग पॅडमध्ये आला की पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. म्हणूनच पेडलला ठोके बसतात आणि ब्रेकची ताकद प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते.

ऐंशीलाच का आणि चाळीसला का नाही, याचंही उत्तर यातच आहे. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.८५ मीटर धरा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सव्वाबावीस मीटरच्या जवळपास, म्हणजे चाक सेकंदाला बारा फेरे घेतं. डिस्कवर एक जाड जागा असेल तर सेकंदाला बारा झटके. स्टेअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन साधारण याच लयीला सगळ्यात जास्त साथ देतं. चाळीसला सहा झटके होतात, दोष तोच असतो पण स्टेअरिंग त्याला दाद देत नाही. म्हणून "हळू चालवलं की ठीक आहे" यावर समाधान मानू नका.

आता जाडीत फरक पडतो कसा? मला दोन मुख्य रस्ते दिसतात.

पहिला, पॅडचा थर. नवा पॅड डिस्कला फक्त घासत नाही. गरम झाल्यावर तो स्वतःच्या मालाचा अगदी पातळ थर डिस्कवर सोडतो आणि पुढचं ब्रेकिंग त्या थरावर होतं. नवा बीडाचा तवा तेल लावून तापवून तयार करतात ना, तसंच हे आहे, आणि धातूही तोच. थर सगळीकडे सारखा बसला तर ब्रेक गुळगुळीत लागतो. पण पॅड नवे, सेट न झालेले, आणि घाटात डिस्क प्रचंड तापलेली असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरलं, तर त्या एकाच जागी पॅडचा माल चिकटतो. तिथे जाड डाग तयार होतो. पुढच्या प्रत्येक ब्रेकला तो डाग जास्त तापतो, अजून माल ओढून घेतो आणि थरथर वाढत जाते. फारच तापलं तर त्या जागी बीडाची घडणच बदलते, कडक डाग पडतो आणि तो पॉलिश पेपरने जात नाही.

दुसरा रस्ता म्हणजे डिस्क फिरताना डावीउजवीकडे डुलणं. हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या तोंडावर गंज साचला, किंवा नट कमीजास्त आवळले गेले, की डिस्क हबवर सरळ बसत नाही. तेव्हा लगेच काही जाणवत नाही. पण ब्रेक न दाबताही डिस्कची तीच जागा प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. मग लोक म्हणतात, "डिस्क टाकली तेव्हा चांगली होती, सहा महिन्यांत बेंड झाली."

गिरणाकाठ, तुमची हकिकत ऐकून मला पहिल्या प्रकाराची शंका जास्त आहे. पण गनने आवळलेलं चाक आधी तपासा, कारण ते फुकटात होतं.

नाना_भुसावळ
लेथभाऊ, सगळं मान्य, पण टर्निंग मारल्यावर थरथर जाते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग त्यात चूक काय?

फिरता_लेथ
नाना, चूक काहीच नाही. टर्निंगने जाडीचा फरक निघून जातो, डाग निघून जातो, थरथर थांबते. पण हबवरचा गंज तसाच राहिला तर तीच डिस्क परत वाकडी बसते आणि काही महिन्यांनी गाडी परत माझ्या दारात येते. शिवाय प्रत्येक टर्निंगला डिस्क पातळ होते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, बहुधा बाहेरच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर. त्याच्या खाली गेली की ती फेकायची. पातळ डिस्क कमी उष्णता सामावते, लवकर तापते, आणि अतिपातळ झाली तर पिस्टन जास्त बाहेर येतो.

टर्निंग करायचंच तर एका गोष्टीचा आग्रह धरा. डिस्क चकमध्ये बाहेरच्या कडेने पकडून फेस मारू नका. मधल्या भोकावर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर ती बसली पाहिजे, कारण गाडीवरही ती तिथेच बसते. आणि दोन्ही बाजू एकाच पकडीत काढल्या पाहिजेत. नाहीतर लेथवरच नवा डुलण्याचा दोष घालून डिस्क घरी जाते. ही काळजी प्रत्येक वर्कशॉपमध्ये घेतली जात नाही, म्हणून विचारून घ्या.

पांझराकाठची
धुळ्याहून. मी माझ्या गाडीचं ब्रेकचं काम घरीच करते, वडिलांकडून शिकले. गिरणाकाठ दादा, मी काय क्रमाने बघते ते सांगते.

सगळ्यात आधी चाकाच्या आत डोकावा. आपल्याकडच्या काळ्या मातीचं हे ठरलेलं आहे. पावसाळ्यात शेतातून गाडी आली की रिमच्या आतल्या बाजूला माती चिकटते, वाळून दगडासारखी होते आणि चाक असंतुलित होतं. पण ती थरथर ब्रेक न दाबताही येते. तुमची फक्त ब्रेकवर येते, म्हणजे बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका.

मग नट. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, सगळे नट सैल करून परत आवळायचे. गोल फिरत नाही, तर समोरासमोरचा, ताऱ्याच्या आकाराने, आणि दोन टप्प्यांत. टॉर्क पाना असेल तर उत्तमच. छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतं, पण नेमका आकडा मालकपुस्तिकेत बघा. एवढ्यानेच थरथर कमी झालेली मी पाहिली आहे. गनने आवळताना एक नट फार घट्ट आणि दुसरा सैल राहतो आणि त्या ओढीने डिस्कचं तोंड तिरकं बसतं.

त्यानंतर चाक काढा. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावाच. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या दोन सरकत्या पिना असतात. त्या हाताने सहज आतबाहेर सरकल्या पाहिजेत. एक जरी अडकलेली असेल तर आतला पॅड जास्त झिजतो, बाहेरचा तसाच राहतो, डिस्क सतत घासत राहते आणि तापते. रबरी टोपी फाटली की आत धूळ जाते, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पीन आणखी अडकते. ही चूक गॅरेजमध्येही होते.

आणि पॅडची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. तोंडाला मास्क बांधा.

अनेर_किनारी
ताईंनी सांगितलं ते बरोबर. भाऊ, मनी गाडीबी अशीच करे. पंक्चरवालानी गननी नट आवळेल व्हतात. नट बराबर कसात अन् थरथर बंद व्हई गयी. आधी तेच पहा.

तरुण_चोपडा
मी व्हिडिओमध्ये पाहिलंय की नवीन पॅड सेट करायला १०० वरून एकदम शून्यापर्यंत दहा वेळा जोरात ब्रेक मारायचा. शेवटचा मारला की धूर यायला पाहिजे, म्हणजे पॅड बसले. हे करून टाका ना, डाग जळून जाईल.

फिरता_लेथ
भाऊ, हे आपल्या रस्त्यांवर करू नका, आणि साध्या पॅडला तर अजिबात नको. हिशेब मांडतो. माणसांसकट गाडीचं वजन १२०० किलो धरा. ६० च्या वेगाला तिच्यात साधारण १६७ किलोज्यूल ऊर्जा असते. १०० च्या वेगाला ४६३ किलोज्यूल. वेग दीडपटीहून थोडा जास्त, पण डिस्कमध्ये जाणारी उष्णता पावणेतीन पट. लागोपाठ दहा वेळा हे केलं तर साधा पॅड त्याच्या कुवतीबाहेर जातो, त्यातला चिकटवणारा माल जळतो आणि पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी येते. मग ब्रेक दाबला तरी पकड कमी वाटते.

दुसरं, पूर्ण थांबायचंच नसतं. ६० वरून २० पर्यंत आलात की ऊर्जेचा नऊपैकी आठ भाग डिस्कमध्ये गेलेला असतो. उरलेल्या एका भागासाठी गरम पॅड एकाच जागी चिकटवून ठेवण्यात नुकसानच आहे. म्हणून २० ला आलात की पाय सोडायचा आणि परत वेग घ्यायचा. सगळ्या पद्धतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच.

गिरणाकाठ
मग नीट पद्धत सांगा. मी रविवारी वेळ काढतो.

फिरता_लेथ
सांगतो. पॅडच्या खोक्यावर कंपनीने वेगळी पद्धत छापली असेल तर तीच पाळा. सगळ्या पॅडचा माल एकसारखा नसतो. छापलेली नसेल तर हे करा.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट झालंय का बघा. पॅड टाकताना पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल जमिनीपर्यंत जातं. हे न करता गाडी गॅरेजबाहेर काढली आणि समोर भिंत आली, असे प्रकार घडतात. ब्रेक ऑइलची पातळीही बघून घ्या.

मग मोकळा, सरळ, सपाट रस्ता. मागे गाडी नाही याची खात्री. सुरुवातीला ५० वरून १० पर्यंत हलक्या पायाने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, मध्ये अर्धा किलोमीटर तरी साधं चालवायचं. यात डिस्क आणि पॅड हळूहळू ऊन होतात आणि पॅडचं तोंड डिस्कच्या तोंडाशी जुळतं. जुन्या डिस्कवर बारीक खाचा असतात, नवा पॅड सपाट असतो, त्यामुळे सुरुवातीला पॅड पूर्ण टेकतच नाही. तोपर्यंत ब्रेकचं अंतर वाढलेलं असतं हे लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा, ६०-६५ वरून १५-२० पर्यंत. आता पाय घट्ट, पण एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईल इतका नाही. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा-पाऊण मिनिट चालवून हवा लागू द्यायची. शेवटी शेवटी थोडा वास येईल, कदाचित किंचित धूर दिसेल. घाबरायचं नाही, पण पेडल मऊ वाटू लागलं किंवा पकड कमी झाली तर तिथेच थांबवून गार करायचं.

आणि मग सात-आठ किलोमीटर ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी चालवत राहायची. घाईघाईने घरी येऊन गेटसमोर पेडल दाबून उभं राहायचं नाही. पुढची दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळायचे. नीट बसलेल्या डिस्कचं तोंड सगळीकडे एकसारखं राखाडी, जरा निळसर झाक असलेलं दिसतं.

पण तुमच्या बाबतीत याआधी एक काम आहे. जुना डाग काढल्याशिवाय नवा थर बसवायला गेलात तर डागावरच थर चढेल. पॅड काढून सपाट काचेवर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलके घासा, चकाकी जाईपर्यंत. डिस्कचं तोंडही त्याच पेपरने, गोल गोल पण एका दिशेत नाही असं, दोन्ही बाजूंनी घासा. नंतर ब्रेक क्लीनरने पुसा. नवीन डिस्क कधी टाकलीत तर तिच्यावर गंज टाळायला तेल लावलेलं असतं, ते साबणाच्या पाण्याने आणि क्लीनरने धुतल्याशिवाय पॅड टाकू नका.

सातपुड्याखाली
रस्त्याचं सांगतो. धुळे-शिरपूर चौपदरीवर सोनगीरच्या पुढे पहाटे मोकळं असतं, पण ट्रक मागून वेगात येतात, तिथे मधेच २० वर येणं धोक्याचं आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर केळीच्या गाड्या, ट्रॅक्टर, शाळेची पोरं, जागोजागी गतिरोधक. मला वाटतं सुटीच्या दिवशी सकाळी लवकर एमआयडीसीतले रुंद अंतर्गत रस्ते सगळ्यात बरे. आणि सोबत कुणीतरी मागे बघायला बसवा.

पांझराकाठची
लळिंगच्या उतारावर हे करायचा मोह होतो, कारण तिथे ब्रेक आपोआप लागतात. करू नका. उतारावर डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही.

उन्हाबद्दल पण विचारणारे असतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर जातो तेव्हा पॅड सेट करू नये का? डिस्क कामात असताना दोन-तीनशे अंशांवर असते, त्यापुढे बाहेरच्या वीस अंशांचा फरक थोडाच. पहाटे करायचं ते रस्ता मोकळा मिळतो म्हणून.

गिरणाकाठ
मंडळी, काम झालं, सविस्तर लिहितो.

आधी नट सैल करून ताऱ्याच्या आकाराने आवळले. थरथर किंचित कमी झाली, गेली नाही. मग लेथभाऊंकडे डायल गेज (डुलणं मोजायचं काट्याचं उपकरण) होतं, त्यांनी उजव्या डिस्कला लावून हाताने फिरवून दाखवलं. काटा ०.११ मिमी डुलत होता. डावीकडे ०.०४. डिस्क उतरवली तर उजव्या हबच्या तोंडावर गंजाची पापडी होती, कागदाएवढी जाड. तारेच्या ब्रशने आणि पेपरने हब चकचकीत केला, डिस्कचं आतलं तोंडही. परत लावून मोजलं तर ०.०७. मग डिस्क एक नट पुढे फिरवून बसवली, परत मोजली, अजून एक पुढे, असं करत ०.०४ वर आली. डिस्कची जागा बदलून फरक पडतो हे मला नवीन होतं.

आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग स्पष्ट दिसत होता, उजवीकडे जास्त. पेपरने बराचसा गेला. पॅड घासले, पिना साफ करून ग्रीस केल्या. रविवारी सकाळी सांगितलेल्या पद्धतीने पॅड सेट केले. ८० ला थरथर पूर्ण थांबली. ९५-१०० वरून जोरात दाबला तर अगदी हलकी कुजबुज राहिलीये. डिस्क बदलू की नको?

फिरता_लेथ
अजून नको. महिनाभर चालवा, मधे एकदा सेट करायची पद्धत परत करा. थर सारखा होत जातो. कमी होत गेली तर प्रश्न मिटला. तशीच राहिली किंवा वाढली तर समजा डाग कडक झालाय. मग जाडी मोजून, किमान आकड्यापेक्षा जास्त असेल तर टर्निंग. नाना म्हणतात तसंच, फक्त आता हब साफ आहे म्हणून ते टिकेल. किमान आकड्याजवळ असेल तर नव्या डिस्क, आणि दोन्ही बाजूंना एकत्र. एकीकडे नवी, एकीकडे जुनी असं करू नका, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

डायल गेजचं सगळ्यांसाठी: बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या आतच डुलणं चालतं. गेज नसलेल्या गॅरेजने "डिस्क बेंड" म्हटलं तर मोजून दाखवायला सांगा. हा तुमचा हक्क आहे.

नाना_भुसावळ
हब साफ करायचं आमच्या काळात कुणी सांगितलं नव्हतं. चांगली माहिती. पोरांना वाचायला देतो.

गिरणाकाठ
आता तोरणमाळचं. उतरताना काय काळजी घेऊ?

सातपुड्याखाली
शहाद्याकडून अनेकदा जातो. उतरताना गिअर महत्त्वाचा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, तीव्र वळणांना दुसरा. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचा विचारही करू नका. वळणाआधी ब्रेक ठाम दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा. सारखा हलका पाय ठेवून उतरणं सगळ्यात वाईट, डिस्कला हवा मिळत नाही. दृश्य बघायला थांबायचं असेल तर, गाडीचं तोंड उताराकडे असताना रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून थांबा.

फिरता_लेथ
याला आकडा जोडतो. तीच १२०० किलोची गाडी सातशे मीटर खाली उतरली तर साधारण ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ६० वरून जवळपास पन्नास वेळा थांबण्याइतकी. इंजिनला त्यातला मोठा वाटा उचलू द्या.

आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं १४० ला. डॉट ४ नवं २३०, ओलं १५५. घाटात कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, बुडबुडा झाला, की पेडल स्पंजासारखं जमिनीला टेकतं. पॅड कितीही चांगले असले तरी तिथे उपयोग नाही. दोन वर्षं झाली असतील तर जाण्यापूर्वी बदला. आईवडिलांना घेऊन जाताय म्हणून जोर देऊन सांगतोय.

अजून एक. खाली उतरल्यावर लगेच वॉशिंग सेंटरला नेऊन चाकांवर पाण्याचा फवारा मारू नका. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी हे खरं डिस्क वाकवणारं कारण ठरू शकतं.

गिरणाकाठ
ऑइल बदलून तीन वर्षं झालीत. उद्याच बदलतो. मनापासून आभार सगळ्यांचे.

अमळनेर_ईव्ही
धागा वाचला, माझा प्रश्न जरा वेगळा. माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. पाय सोडला की मोटरच वेग कमी करते, ब्रेक फार कमी लागतात. तरी डिस्कवर गंज दिसतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र आवाज येतो. नवे पॅड टाकले तर ते सेट कसे करायचे?

पांझराकाठची
रात्रीच्या दवाने आलेला वरचा गंज पहिल्या चार-पाच ब्रेकला घासून जातो, त्याची काळजी नाही. गाडी आठवडे उभी राहिली असेल तर पॅडखालचा गंज मात्र डाग सोडतो आणि तीच थरथर सुरू होते. म्हणून आठवड्यातून एखादा दिवस मोटरची रोखण्याची पातळी सगळ्यात कमी ठेवून चालवा, म्हणजे बऱ्याच गाड्यांत खरे ब्रेक जास्त काम करतील. पॅड सेट करतानाही तीच पातळी सगळ्यात कमी ठेवा, नाहीतर पेडल दाबूनही उष्णता डिस्कमध्ये फार कमी जाईल. बाकी पद्धत वर लेथभाऊंनी लिहिलीये तीच.

अमळनेर_ईव्ही
आणि मागच्या चाकांचं? थरथर मागून येतेय की पुढून हे कसं ओळखायचं?

फिरता_लेथ
स्टेअरिंगला आली तर बहुधा पुढून, सीटला आणि कंबरेला आली तर बहुधा मागून. खात्री करायची तर निर्मनुष्य रस्त्यावर ३०-४० च्या वेगाला, ओढायचा हँडब्रेक असेल तर त्याचं बटण दाबून धरून हळूच ओढा. पावसात किंवा वळणावर नको. ठोके आले तर दोष मागच्या ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका, तिथे चाक उचलून मोजावंच लागेल. ड्रम अंडाकृती झाला असेल तर टर्निंगने निघतो, पण त्यालाही कमाल व्यासाचा आकडा असतो, आत कोरलेला. त्यापुढे गेला की नवा टाका.